स्पॉन्सर शोधण्याआधी

प्रिय वकीलबाई,

अनेक आशीर्वाद. परदेशात, त्यातही अमेरिकेत, वकील म्हणून नोकरी देऊन व्हिसा स्पॉन्सर करणारा, म्हणजे आपल्यासाठी व्हिसाचा अर्ज करणारा, मालक कसा शोधायचा असं तू विचारलंस. सोबत पाठवलेली जाहिरातींची यादी शांतपणे वाचली. 'अॅटर्नी' आणि 'व्हिसा स्पॉन्सरशिप' असे शब्द टाकून शोधलेलं दिसतंय, कारण त्यातल्या बऱ्याच जागा इमिग्रेशनचं काम करणाऱ्या फर्ममधल्या आहेत. तिथल्या वकिलाने दुसऱ्यांचे व्हिसा अर्ज तयार करायचे आहेत. त्याचा स्वतःचा व्हिसा फर्म काढून देईल, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. उरलेल्या जवळपास प्रत्येक जाहिरातीत एक ओळ आहे, आणि नेमकी तीच तू अधोरेखित केलेली नाहीस: उमेदवार अमेरिकेतल्या कुठल्या तरी राज्याच्या बारचा, म्हणजे तिथे परवाना असलेल्या वकिलांच्या संघटनेचा, सदस्य हवा.

तुझ्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर मला त्या ओळीत दिसतं. स्पॉन्सर करणारा मालक शोधणं हे तुझं पहिलं काम नाही. आधी तिथे वकिली करायचा परवाना, मग तुझ्याशिवाय अडेल असं काम, आणि त्यानंतर व्हिसा. आमच्या कंपनीच्या लीगल टीममध्ये माणसं घेताना मी लंडन आणि न्यूयॉर्कच्या सहकाऱ्यांबरोबर बसते. 'हिला स्पॉन्सर करायचं का' हा प्रश्न तिथे कधीच पहिला येत नाही. 'हिच्याकडे असं काय आहे, जे आपल्याला इथे मिळत नाही' हा पहिला येतो. त्याचं उत्तर भक्कम असलं की एचआरवाले कागदपत्रांचा रस्ता काढतात.

अमेरिकेबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुझा जीव तिथे अडकलाय आणि कर्जाची बोलणीही त्याच्यासाठीच चालली आहेत.

एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) केल्याशिवाय न्यूयॉर्कच्या बार परीक्षेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेला, बसताच येत नाही, असं तुला कुणीतरी सांगितलंय. ते सरसकट खरं नाही. न्यूयॉर्कच्या ५२०.६ या नियमात कॉमन लॉ, म्हणजे इंग्लंडच्या धर्तीचा कायदा असलेल्या भारतासारख्या देशांतल्या पदवीधरांसाठी वेगळी वाट आहे. तुझी कायद्याची पदवी पूर्णवेळ, वर्गात बसून केलेली असेल आणि कालावधी व अभ्यासक्रम दोन्ही दृष्टींनी तिथल्या पदवीच्या तोडीची ठरली, तर एलएलएमशिवाय परीक्षेला बसता येतं. दोन्हींपैकी एकात कमी पडलीस, तर अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या लॉ स्कूलमध्ये किमान २४ क्रेडिटचं एलएलएम करून ती उणीव भरून काढता येते, आणि ते तिथे प्रत्यक्ष जाऊन करावं लागतं. तुझी पदवी कुठे बसते हे तिथलं बोर्ड कागद पाहून आधीच सांगतं. त्या मूल्यमापनाचा अर्ज ऑनलाइन असतो आणि पुण्यात बसून करता येतो. कॅलिफोर्नियाचं तर याहून सरळ आहे. आपल्या देशात वकिलीचा परवाना असलेल्या आणि तो चालू असलेल्या वकिलाला तिथल्या बार परीक्षेला जादा शिक्षणाशिवाय बसता येतं. म्हणजे तुझी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद हाच तिथला प्रवेश. फक्त पदवी आहे, सनद नाही, अशांना मात्र एलएलएमसारखं पुढचं शिक्षण घ्यावं लागतं.

म्हणून कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी मूल्यमापन कर. चांगल्या विद्यापीठातलं एलएलएम राहण्या-खाण्यासकट लाख डॉलरच्या पुढे जातं. कोथरूडचा फ्लॅट तारण ठेवायचा असेल, तर तो नेमका कशासाठी, हे आई-बाबांना आणि तुला स्वतःला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

समजा गेलीस. तिथलं वेळापत्रक मनात पक्कं बसव. मे महिन्यात एलएलएम संपतं. जुलैच्या शेवटी बार परीक्षा, आणि न्यूयॉर्कचा निकाल येता येता ऑक्टोबर उजाडतो. उत्तीर्ण व्हायला ४०० पैकी २६६ लागतात. शिवाय व्यावसायिक नीतिमत्तेची एमपीआरई ही वेगळी परीक्षा, न्यूयॉर्कच्या कायद्याची ऑनलाइन परीक्षा, ५० तास विनामोबदला कायदेशीर काम आणि चारित्र्याची तपासणी. परदेशी पदवीधरांचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण जेडी ही तिथली कायद्याची पदवी घेतलेल्यांपेक्षा बरंच कमी असतं. याच काळात तू विद्यार्थी व्हिसावरच्या ओपीटीवर असशील, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची १२ महिन्यांची मुभा. तुझ्या इंजिनिअर भावाला त्यावर आणखी २४ महिने मिळाले, कारण त्याचा विषय स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांत, येतो. कायदा त्यात येत नाही. त्या बारा महिन्यांत ९० दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहता येत नाही. आणि एच-१बीची, म्हणजे मालकाने अर्ज करून मिळवायच्या कामाच्या व्हिसाची, नोंदणी मार्चमध्ये होते, म्हणजे ओपीटीच्या काळात तुझ्या पदरात एकच मार्च पडतो. त्या मार्चच्या आत तुझ्यासाठी नोंदणी करायला तयार असलेला मालक हातात हवा, लॉटरीत नंबर लागायला हवा, आणि परवाना लागणारं काम असेल तर अर्ज मंजूर होईपर्यंत परवानाही हवा. भावाला जे जमलं ते तुला त्याच वेगाने जमायला हवं, ही घरातली अपेक्षा या एका फरकामुळे तुझ्यावर अन्याय करते. हा परिच्छेद बाबांना वाचून दाखव.

वर्षाला ६५,००० एच-१बी, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. तिथलं एलएलएम असलं तर तू दुसऱ्या गटातही येतेस, हा त्या पदवीचा खरा फायदा. विद्यापीठं आणि त्यांच्याशी जोडलेल्या ना-नफा संस्थांना या मर्यादा लागू नाहीत. त्यांना लॉटरीशिवाय वर्षभरात कधीही अर्ज करता येतो. विद्यापीठांच्या लीगल क्लिनिकमध्ये, कंप्लायन्समध्ये, संशोधन करारांच्या विभागात कायदा शिकलेल्या माणसांच्या जागा असतात. तुझ्या यादीत अशी एकही जागा नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने आणखी एक गोष्ट बदलली. अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी नवा एच-१बी अर्ज करायचा, तर मालकाला १,००,००० डॉलर जादा भरणं आलं. तिथेच विद्यार्थी व्हिसावर असून स्थिती बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा यूएससीआयएस या तिथल्या इमिग्रेशन खात्याने पुढच्याच महिन्यात केला. आदेश मुळात बारा महिन्यांचा होता. तू अर्ज करशील त्या दिवशीचा नियम यूएससीआयएसच्या साइटवर वाच, एफसी रोडवरच्या कन्सल्टन्टच्या माहितीपत्रकात नको. पुण्यात बसून अमेरिकेतल्या फर्मला अर्ज टाकायचे आणि तिने इथून उचलून न्यायचं, हा रस्ता या आदेशामुळे जवळजवळ बंद झाला हे मात्र समजून घे.

न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममधला पहिल्या वर्षाचा २,२५,००० डॉलरचा पगार तू लिहिला आहेस. आकडा बरोबर आहे. पण त्या जागा प्रामुख्याने तिथे तीन वर्षांची जेडी केलेल्या आणि उन्हाळ्यात त्याच फर्ममध्ये काम केलेल्या मुलांनी भरतात. एलएलएमवाल्यांना मोठ्या फर्म घेतात ते बहुतेकदा त्यांच्या मायदेशाशी संबंधित कामासाठी, आणि पुष्कळदा ठरावीक मुदतीपुरतं. कर्जाचा हप्ता त्या आकड्यावरून काढू नकोस.

कोण स्पॉन्सर करतं, हे कुणाला विचारत बसायची गरज नाही. एच-१बीच्या आधी मालकाला अमेरिकेच्या श्रम खात्याकडे अर्ज करावा लागतो, आणि ते खातं या अर्जांची माहिती जाहीर करतं: मालकाचं नाव, पद, गाव, पगार. वकिलांचा व्यवसाय संकेतांक २३-१०११. ती फाइल उतरवून घे, तेवढा संकेतांक गाळून काढ, आणि कोणत्या प्रकारच्या संस्था वकिलांसाठी खरोखर अर्ज करतात ते दोन संध्याकाळी बसून पाहा. ब्रिटनमध्येही परवानाधारक स्पॉन्सरची यादी सरकारी साइटवर सर्वांसाठी खुली आहे. या दोन कागदांतून जेवढं शिकशील तेवढं कुठल्याही सेमिनारमध्ये शिकणार नाहीस.

आता इंग्लंड. माझं मत विचारशील तर तुझ्यासाठी ही वाट जास्त सुज्ञ आहे, आणि तू तिला दोनच ओळी दिल्या आहेस. सप्टेंबर २०२१ पासून तिथे सॉलिसिटर, म्हणजे तिथला वकील, होण्यासाठी एसक्यूई ही परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात १८० बहुपर्यायी प्रश्नांच्या दोन परीक्षा, दुसऱ्यात मसुदे, अशिलाची मुलाखत, युक्तिवाद अशी प्रत्यक्ष कौशल्यं. परदेशातल्या सनदधारक वकिलाला दोन वर्षांच्या अनुभवाची जी अट इतरांना आहे ती लागत नाही. कामाचा पुरावा भक्कम असेल तर दुसऱ्या टप्प्यातून सूटही मागता येते. एलएलएमची अट नाही. पहिला टप्पा संगणकावर होतो आणि तो देण्यासाठी इंग्लंडला जावंच लागतं असं नाही. दुसऱ्या टप्प्याच्या तोंडी भागासाठी मात्र तिथे जावं लागतं. दोन्ही टप्प्यांची फी मिळून सुमारे पाच हजार पौंड. रक्कम लहान नाही, पण त्यासाठी फ्लॅट तारण ठेवावा लागत नाही, आणि अभ्यास नोकरी सांभाळून होतो. तिथल्या स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड आहे. लंडनच्या मोठ्या फर्मना ती अडचण नाही. लहान गावातल्या हाय स्ट्रीट फर्मला असते, म्हणून तिथे अर्ज टाकण्यात वेळ घालवू नकोस.

कॅनडाचं थोडक्यात: तिथे आधी एनसीए ही समिती तुझी पदवी तपासते, विषय नेमून देते, मग प्रांताची बार परीक्षा आणि आर्टिकलिंग, म्हणजे वकिलाच्या हाताखाली उमेदवारी. पुष्कळ जण गुणांवर पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळवून जातात, म्हणजे मालकाच्या स्पॉन्सरशिपवर सगळं अवलंबून राहत नाही. वेळ मात्र भरपूर लागतो.

इथे पुण्यात तुझ्यापाशी काय आहे, ते तू कमी लेखते आहेस. शिवाजीनगर कोर्टात सीनियरबरोबर केलेली ज्युनियरशिप, वाकड्या साक्षीदाराची उलटतपासणी जवळून पाहणं, स्टेच्या अर्जाचं रातोरात केलेलं ड्राफ्टिंग: लवाद करणाऱ्या लंडन किंवा सिंगापूरच्या फर्मला भारतीय पक्षकार असलेल्या वादात नेमकं हेच लागतं. खराडी, हिंजवडी, बाणेरच्या कंपन्यांत करार, डेटा संरक्षण, निर्यात निर्बंध यांचं जे काम चालतं, तेही बाहेर मोल असलेलं काम आहे. युरोपचा जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा नियम आणि आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा दोन्ही हाताळता येणारी वकील तीन वर्षांनी कुठल्याही टेबलावर ताठ बसेल. शिवाय अशा कंपनीत सलग एक वर्ष काम केलं की तिच्याच अमेरिकेतल्या कार्यालयात एल-१ या कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर बदली होऊ शकते. त्याला लॉटरी नाही. वकिलासाठी विशेष ज्ञान सिद्ध करणं सोपं नाही, आणि व्हिसा त्याच कंपनीशी बांधलेला राहतो, पण दार आहे.

एक सावधगिरी. पूर्णवेळ पगारी नोकरी धरलीस तर आपल्या बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिली थांबवून तसं कळवावं लागतं. कॅलिफोर्निया आणि इंग्लंड, दोन्ही वाटांवर तुझी सनद हाच पाया आहे. म्हणून कंपनीची ऑफर स्वीकारण्याआधी परदेशातले कोणते अर्ज चालू सनदेवर करायचे आहेत ते ठरव, गुड स्टँडिंगचं, म्हणजे सनद चालू आणि निर्दोष असल्याचं, प्रमाणपत्र कधी लागेल ते बघ, आणि मग वकिली थांबवायच्या तारखा लाव.

कुणी पैसे घेऊन स्पॉन्सर मिळवून देतो म्हणाला, तर तिथून उठून ये. एच-१बीच्या अर्जासाठी वकिलाची फी आणि मालकाच्या वाट्याच्या फिया मालकानेच भरायच्या असतात. ब्रिटनचं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप विकत घ्यायची वस्तू नाही. पोरींनी आईचे दागिने मोडून अशांना पैसे दिलेले मी पाहिले आहेत, आणि ते आठवलं की अजून राग येतो.

अर्जात 'आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का' असा प्रश्न असतो. मैत्रिणीने तुला 'नाही' लिहायला सांगितलं आहे. लिहू नकोस. बारची चारित्र्य तपासणी जुने नोकरीअर्जही मागवू शकते, आणि खोटं उत्तर तिथे नोकरीपेक्षा मोठं नुकसान करतं. 'हो' लिही आणि मुलाखतीत तुझा व्हिसा कोणता, मुदत किती, मालकाने काय करायचं हे दोन वाक्यांत सांग. ज्याला हे नीट सांगता येतं, त्याला घ्यायची भीती मालकाला कमी वाटते.

आता कागद. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर तुझं आडनाव आधी, मग तुझं नाव, मग बाबांचं, आणि आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर क्रम निराळा. सनदेवर 'कुमारी' लागलेलं. परदेशातल्या बोर्डाला या तीन वेगळ्या व्यक्ती वाटू शकतात. सगळीकडे एकच नाव लागेल अशी व्यवस्था आत्ताच कर, गरज पडली तर राजपत्रातून. ट्रान्सक्रिप्टचा अर्जही याच आठवड्यात टाक; काही बोर्डं ती थेट विद्यापीठाकडून बंद लिफाफ्यात मागतात, आणि त्या खिडकीवरचा वेळ आपल्या हातात नसतो.

न्यूयॉर्कच्या मूल्यमापनाचा अर्ज भरलास की मला पाठव, मी वाचून देईन. त्याचं उत्तर येईपर्यंत बँकेत सही करू नकोस. आई-बाबांशी बोलायला मी हवी असेन तर कुठल्याही रविवारी सकाळी बोलाव, येईन.

तुझी,
मॅडम