गोळीबार पडद्यावर, आदळआपट घरात

प्रश्न : आमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. शाळेतून आला की हेडफोन लावून गोळीबाराचे गेम खेळत बसतो. हरला की टेबलावर मूठ आपटतो, धाकट्या बहिणीवर खेकसतो. नवरा म्हणतो, वयच आहे ते. सासरे व्हिडिओ कॉलवर विचारतात, पोराला गुंड करायचंय का? इथे शाळेतल्या गोळीबाराची बातमी आली की माझ्या पोटात गोळा येतो. गेम बंदच करून टाकावेत का?
– एक आई, अमेरिका

उत्तर : ताई, बंद करायची घाई नको. आधी त्या भीतीचं बघू. गेम खेळून मुलं बंदूक उचलतात हा समज १९९९च्या कोलंबाइन हत्याकांडानंतर घट्ट झाला. अमेरिकेतल्या त्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला होता, आणि ती दोन मुलं ‘डूम’ हा गोळीबाराचा गेम खेळायची. पण तेव्हा तो गेम लाखो मुलं खेळत होती. शिवाय नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून गेमचा खप वाढत गेला आणि अमेरिकेतल्या किशोरवयीनांचे हिंसक गुन्हे मात्र कमी होत गेले. जपान आणि दक्षिण कोरियात गेमचं वेड काही कमी नाही, तरी खुनांचं प्रमाण तिथे अगदी थोडं आहे.

संशोधकांमध्ये मतभेद आहेत, हे खरं. सतरा हजारांहून जास्त मुलांवरचे चोवीस अभ्यास २०१८मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा हिंसक गेम आणि मारामाऱ्या यांच्यात थोडा संबंध दिसला. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधली १४-१५ वर्षांची सुमारे हजार मुलं घेतली. गेम किती हिंसक हे मुलांना न विचारता अधिकृत वयश्रेणीवरून ठरवलं, आणि मुलांचं वागणं पालकांना विचारलं. त्यांना काहीच संबंध सापडला नाही. २०२०मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने सांगितलं, की गोळीबारासारख्या हिंसेचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. आरडाओरडा, ढकलाढकली यांच्याशी मात्र छोटासा संबंध पुन्हापुन्हा दिसतो. म्हणजे वाद आहे तो मुख्यतः ‘थोडा’ की ‘नाहीच’ एवढ्यावर. सासऱ्यांना एवढं सांगितलंत तरी पुरे.

आता त्या टेबलावरच्या मुठीकडे या. माझ्या मते खरा विषय तो आहे आणि त्याचा पडद्यावरच्या रक्ताशी फारसा संबंध नाही. २०१४च्या एका अभ्यासात संशोधकांनी वरून पडणारे तुकडे रचायच्या ‘टेट्रिस’ या गेममध्ये मुद्दाम नको तेच तुकडे पडत राहतील अशी सोय केली. त्यात ना बंदूक, ना शत्रू. तरी लोक चिडले. राग येतो तो हरण्याचा, जमत नसल्याचा, आणि ऐन वेळी कोणीतरी उठवल्याचा.

हे शेवटचं आपल्या घरांत रोज घडतं. तुम्ही हाक मारता, ‘जेवायला चल.’ तो म्हणतो, ‘पाच मिनिटं.’ पाच मिनिटांनी तुम्ही वायफाय बंद करता आणि घरात स्फोट होतो. ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही. तो उठला तर चौघांची टीम तिघांवर येते, मित्र शिव्या घालतात, बऱ्याच गेममध्ये मॅच सोडल्याचा दंडही बसतो. कॅरमचा डाव ऐन रंगात असताना कोणी बोर्ड उचलून नेला तर आपण काय केलं असतं? म्हणून वेळ मिनिटांत ठरवू नका, मॅचमध्ये ठरवा. ‘जेवणाआधी दोन मॅच, तिसरी सुरू करायची नाही.’ हा करार तो शांत असताना करायचा. मोडला तर दुसऱ्या दिवशीचा गेम बंद, तोही आवाज न चढवता.

बहिणीवर खेकसणं मात्र अजिबात चालवून घेऊ नका. गेम कुठलाही असो, हरल्यावर दहा मिनिटं कोणाशी बोलायचं नाही, खोलीबाहेर एक चक्कर मारून यायचं. आणि नवरोबांना सांगा, वय आहे हे कबूल. म्हणूनच तर शिकवायचं.

एक दिवस त्याच्या शेजारी बसून तो खेळताना बघा. हेडफोन काढून आवाज स्पीकरवर घ्या. पडद्यावर काय दिसतं यापेक्षा कानात काय पडतं याची मला जास्त काळजी वाटते. अनोळखी मोठी माणसं तेरा वर्षांच्या मुलाशी काय भाषेत बोलतात, रंगावरून, देशावरून काय टोमणे मारतात, हे ऐकाल तर चकित व्हाल. आपली मुलं हे घरी सांगत नाहीत. व्हॉइस चॅट फक्त ओळखीच्या मित्रांपुरतं ठेवायची सोय बहुतेक कन्सोलमध्ये असते. आणि हे त्याला आजच स्पष्ट सांगा : ‘उद्या सगळ्यांना उडवतो’ असं शाळेच्या ग्रुपवर गमतीत लिहिलं तरी इथल्या शाळा ते गमतीत घेत नाहीत. थेट चौकशी होते, प्रसंगी पोलीस येतात.

गेमच्या डब्यावरची वयश्रेणी वाचा. अमेरिकेत ‘एम’ म्हणजे सतरा वर्षांपासून पुढे, युरोपात ‘पेगी’ या वयश्रेणीचा आकडाच वय सांगतो. ‘सगळे खेळतात’ हे खरंही असेल, पण तेराव्या वर्षी अठराचा गेम घेऊन द्यायचं काही कारण नाही.

सिनेमाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात धाकटी आहे म्हणून सांगते. ब्रिटनमध्ये ‘१५’ किंवा ‘१८’ प्रमाणपत्राच्या सिनेमाला त्याहून लहान मुलांना आईवडील सोबत असले तरी थिएटरात सोडत नाहीत. अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्राच्या, म्हणजे मोठ्यांसाठीच्या सिनेमाला लहान मुलांना पालकांबरोबर सोडतात, त्यामुळे निर्णय पूर्ण तुमचा. बेबीसिटर मिळाली नाही म्हणून रक्ताळ हिंदी सिनेमाला लहान लेकरं नेलेली दिसतात, तेव्हा मला राग येतो. हीच गोष्ट रात्री हॉलमध्ये लावलेल्या वेबसिरीजची. सोफ्यावर झोपलेली मुलगी दर वेळी झोपलेली असतेच असं नाही. या वयात ती कोणाला मारायला शिकेल याहून ती घाबरेल, एकटी झोपणार नाही, याचीच शक्यता मोठी.

मुलाच्या बाबतीत खरंच थांबून बघायची लक्षणं वेगळी आहेत : प्राण्यांना इजा करणं, ठरावीक कोणाला तरी धमक्या देणं, खऱ्या शस्त्रांचा ध्यास, मित्र तुटणं, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं. यातलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात शाळेच्या समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना भेटा. धमकी किंवा जिवाचं बोलणं असेल तर त्याच दिवशी. तिथे सुरुवात गेमपासून करू नका. झोप, शाळा, मित्र, घरातलं वातावरण, यांत अलीकडे काय बदललं ते आधी सांगा. गेमचं नाव निघालं की बाकीचं विचारायचं राहून जातं.