बालमृत्यूवर प्रबंधाचं काम सुरू करताय?

आधी विषय लहान करा. ‘आरोग्य धोरण आणि बालमृत्यू’ हा प्रबंधाचा विषय नव्हे, जन्मभराचा उद्योग आहे. जननी सुरक्षा योजनाच घ्या. 2005 मध्ये सुरू झाली. दवाखान्यात बाळंतपण केलं की आईला रोख पैसे. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, यात वाद नाही. बाळं किती वाचली, यावर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही. दवाखान्यात पोचणाऱ्या बायांचं घर, शिक्षण, गावचा रस्ता आधीच वेगळा असतो. उलट घरी अडलेली बाळंतीणही शेवटी तिथेच आणतात. त्यामुळे दोन गटांच्या सरासऱ्या शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. योजना काही जिल्ह्यांत लवकर रुजली, काहींत उशिरा. त्या फरकावर काम करा: लवकर आणि उशिरा रुजलेल्या जिल्ह्यांतले बालमृत्यू ताडून पाहा.

आकड्यांचं म्हणाल, तर एसआरएसचा, म्हणजे सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीचा, अर्भक मृत्युदर (हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत गेलेली बाळं) राज्यापर्यंतच धरा, जिल्ह्यासाठी नमुना पुरत नाही. जन्मून तासाभरात गेलेलं बाळ सरकारी नोंदीत कधी ‘मृत जन्म’ म्हणून लागतं, कधी लागतच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगाव जन्म-मृत्यू टिपले, म्हणून त्यांच्या 1999 च्या नवजात बाळांच्या अभ्यासाला वजन आलं. तो आधी वाचा. रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी संबंध मोजायचं संख्याशास्त्रातलं तंत्र, पुढच्या महिन्यात शिकलात तरी चालेल.