आलू, अळू आणि धोपा

प्रश्न असा आहे : नागपुरातल्या एका रोपवाटिकेत मोठ्या बाणासारख्या पानांच्या कुंडीवर ‘अमेरिकन आलू (झँथोसोमा)’ अशी पाटी होती. विचारणाऱ्यांना वाटते, लिहायचे होते ‘अळू’, हिंदीच्या नादाने ‘आलू’ झाले. बरोबर काय?

पाटीवर ‘अळू’ हवे, एवढे मान्य. पण ‘हिंदीच्या नादाने’ हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. नागपूरकराने आलूबोंडा म्हटले की पुण्यामुंबईचे कोणीतरी हमखास सुधारते, ‘मराठीत बटाटा म्हणतात.’ बटाटा कुठला मराठी? तो आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणला. मूळ शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, आणि त्यांच्याकडे ‘बटाटा’ म्हणजे बटाटा नव्हेच, रताळे!

उलट आलू बघा. संस्कृतात आलु, आलुक म्हणजे खाण्याजोगा कंद. दोन स्वरांमधला एकटा ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो : फल-फळ, काल-काळ. तसेच आलुचे अळू. आणि यातला माझा सर्वांत लाडका शब्द रताळे. रक्तालु, म्हणजे लाल आलु. ‘क्त’चा ‘त’ झाला, ‘ल’चा ‘ळ’ झाला, रताळू-रताळे तयार. आपण उपासाला रताळ्याचा कीस करतो तेव्हा तोंडात ‘आलू’च असतो, पण कोणाला दिसत नाही. वेल अमेरिकेची, १४९२ नंतर इकडे आलेली, आणि नाव मात्र इथल्याच एका जुन्या लाल कंदाचे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात कंदांपैकी सर्वांत अपथ्य म्हणून ‘आलुक’ सांगितले आहे. हे वचन पुढे करून बटाटा वर्ज्य ठरवणारे वैद्य मला भेटले आहेत. चरकाच्या काळी बटाटा अँडीज पर्वतात होता, महाराज! शब्द तोच राहतो, वस्तू बदलते, हे ध्यानात न घेता अर्थ लावला की असे होते.

आता कोणी म्हणेल, नागपुरी ‘आलू’त ‘ळ’ नाही, म्हणजे तो हिंदीतूनच आला. आला असेल. नागपूर १९५६पर्यंत जबलपूर-रायपूरसोबत एकाच राज्यात होते, शब्दांची ये-जा होणारच. पण घराण्याचाच शब्द दुसऱ्या दाराने परत आला, तर त्याला परका का म्हणायचे?

माझे तर मत आहे की आपल्याकडचा ‘धोपा’, म्हणजे विदर्भात अळूला म्हणतात तो शब्द, याच घडामोडीतून वर आला. बटाट्याने ‘आलू’ बळकावले. आता भाजीवालीला अळू मागितले की आलू ऐकू यायचा. म्हणून पानांसाठी वेगळा, खणखणीत शब्द पुढे सरकला. एका कोशप्रेमी मित्राला हे पटत नाही. तो म्हणतो, धोपा आधीपासूनच होता. असेल, पण अळूही होता! धोप्याच्या वड्या खाणारा वैदर्भीयसुद्धा ‘अळवावरचं पाणी’च म्हणतो, ‘धोप्यावरचं पाणी’ मी आजवर ऐकले नाही. वाक्प्रचारात जुना शब्द टिकून राहिला, याहून मोठा पुरावा कोणता?

आणि हो, ‘अळवावरचं’, ‘अळूवरचं’ नाही. विंचू-विंचवाचा, नातू-नातवाचा, तसेच अळू-अळवाची वडी.

राहिली कुंडी. झँथोसोमा म्हणजे ग्रीकमध्ये ‘पिवळे अंग’. काही जातींचा कंद आतून पिवळा असतो, त्यावरून. कुळ अळवाचेच, माहेर उष्ण अमेरिका. ओळखायचे देठावरून : आपल्या धोप्याचा देठ पानाच्या पाठीवर, काठापासून थोडा आत चिकटतो, छत्रीच्या दांड्यासारखा. याचा थेट खाचेत, जिथे पानाचे दोन कान मिळतात तिथे. पाटीवर ‘अमेरिकन अळू’ लिहा, नाहीतर ‘अमेरिकन धोपा’. मला दुसरे जास्त आवडेल.