आखाजीच्या आधी

चि. बेटा,

तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. गंधमुक्तीचा, म्हणजे सुतक संपल्याचा विधी आटोपतो, मांडव निघतो, पाहुणे आपापल्या गावी जातात आणि मग बापाची रिकामी खाट दिसू लागते. दोन महिने होऊनही सावरता येत नाही याची लाज बाळगू नकोस. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जास्त जड जातं, कारण तोवर विचारणारं कुणी उरत नाही.

देवघराकडे बघवत नाही, असं लिहिलंस. राग असेल तर असू दे. नामदेव विठ्ठलाशी भांडले, जनाबाईंनी तर त्याला शिव्याही घातल्या. भक्ती काही कमी झाली नाही. फक्त दिवेलागणीची वेळ मोडू नकोस. हातपाय धुवून दिवा लाव, पाच मिनिटं बस, काही मागू नकोस. बहुतेक जण इथंच चुकतात. एकदम पारायण, अकरा गुरुवार, नवस असं सगळं अंगावर घेतात, तिसऱ्या आठवड्यात दम संपतो आणि मग ‘माझी श्रद्धाच खोटी’ म्हणून दुप्पट खचतात. उपास तर सध्या नकोच. भूक आधीच मेलेली असते, रिकाम्या पोटी झोपही उडते. दोन वेळा भाकरी-वरण पोटात गेलंच पाहिजे. मारुतीच्या पारावर हरिपाठ होत असेल तर मागच्या रांगेत उभा राहा. तिथं कुणी कसं वाटतंय म्हणून विचारत नाही, हे बरं.

‘आपण काय पाप केलं होतं?’ या प्रश्नात फार अडकू नकोस. आपल्या मुक्ताईचे आईवडील लहानपणीच गेले, 1296 मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. पोरकं होणं म्हणजे देवानं टाकणं असतं, तर तिच्या पालखीमागं अर्धा खानदेश चालला नसता. ती पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला पोचायला महिन्याहून जास्त लागतो, आणि वारकरी सकाळी निघताना फक्त त्या रात्रीच्या मुक्कामाचा विचार करतो. तुलाही सध्या तेवढंच पुरे.

आता कागद. देवावर भार टाकायचा म्हणजे तलाठ्याकडं जायचं नाही, असं नव्हे. मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा प्रती घे. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो, म्हणजे तुझ्याकडं आता थोडेच दिवस आहेत. अर्जात आईचं आणि दोन्ही बहिणींचं नाव घालच. ‘बहिणींना काय करायचंय’ म्हणणारा काका प्रत्येक घरात असतो. नाव गाळलं की नोटिशीच्या 15 दिवसांत हरकत येते, फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, अडकतो, सातबाऱ्यावर नाव चढत नाही आणि सोसायटीचं पीककर्जही थांबतं, तेही ऐन कपाशीच्या लागवडीत. वडिलांचं पासबुक नीट बघ. वर्षातून एकदा 436 रुपये कापलेले दिसले, तर तो जीवनज्योती विमा आहे, 2 लाखांचा. बँकेत लगेच दावा कर.

जमीन विकणं, वाटणी, शहरात निघून जाणं यातलं काहीही वर्षभर ठरवू नकोस. ‘लग्न वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा’ असंही कुणी म्हणेल. आईशी बोल आणि मग तुम्ही दोघं ठरवा.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली आहे. पहिला सण टाळावासा वाटतो, पण टाळू नकोस. नवी घागर भर, वर लोटी, आंबा, सांजोरी ठेव आणि आगारी, म्हणजे पितरांच्या नावानं विस्तवावर घास, तुझ्या हातानं टाक. आई रडली तर रडू दे, ‘गप्प राहा’ म्हणू नकोस. बहिणींना माहेरी आण. त्यांचाही बाप गेलाय, हे या गडबडीत विसरायला होतं.

एक मात्र लपवू नकोस. जगणंच नको असं वाटू लागलं, तर ती श्रद्धेची परीक्षा समजून एकट्यानं सोसायची नाही. त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी उठव आणि 14416 या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीवर फोन लाव. रात्रीही लागतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

सोमवारी तलाठी कार्यालयात जा. अर्जाची पोच शिक्क्यासह घे आणि तिचा फोटो मला पाठव.