डिझेलचा परतावा आणि जिनिव्हाचा करार

प्रश्न : आमची सहा सिलिंडरची ट्रॉलर आहे. सोसायटीतून डिझेलचा परतावा, म्हणजे डिझेलवर भरलेला कर परत, मिळतो. जिनिव्हाच्या करारामुळे तो बंद होणार, असं बंदरावर बोलतात. खरं का? आणि व्यापारवाल्यांना मासळीशी काय देणंघेणं? – एक वाचक, हर्णै

उत्तर : घाबरू नका, परतावा एवढ्यात जात नाही. मच्छीमार सोसायटीत मी १९ वर्षं वह्या लिहिल्या, त्यामुळे परताव्याची वाट बघणं काय असतं ते मला ठाऊक आहे.

जागतिक व्यापार संघटनेचा हा करार जून २०२२ मध्ये झाला आणि १५ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. तेव्हा भारताने त्याला मान्यता दिलेली नव्हती. चोरटी मासेमारी, संपत चाललेली मासळी आणि कुणाचीच देखरेख नसलेला खोल समुद्र, या तीन ठिकाणी सरकारी पैसा ओतायला त्यात बंदी आहे.

आता देण्याघेण्याचं. आमच्याकडचा एक तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, बर्फ संपत आला, जाळ्यात तळहाताएवढी पापलेटं यायला लागली, तरी म्हणायचा, "डिझेलचं मिळेल परत, अजून दोन दिवस मारू." माझ्या वहीत ती फेरी तोट्यात दिसायचीच नाही. परतावा नसता तर तो आधीच घरी आला असता. अर्धं जग पार करून जाणाऱ्या परदेशी ताफ्यांचंही असंच आहे, फक्त आकडा प्रचंड. खोल समुद्रातल्या मासेमारीच्या निम्म्याहून अधिक जागा अनुदानाशिवाय तोट्यात जातील, असा २०१८ च्या एका अभ्यासाचा अंदाज आहे.

खरी मेख पुढेच आहे. डिझेल आणि नव्या बोटींसाठीच्या अनुदानाचं काय, यावर २०२४ मध्ये अबू धाबीत याच संघटनेच्या बैठकीत एकमत झालं नाही. विकसनशील देशांना २५ वर्षांची सवलत द्या, आधी दूरच्या समुद्रात जाणाऱ्या ताफ्यांना आवरा, असं भारत म्हणतो. दुसरं मला पटतं. पण २५ वर्षं पापलेट थांबणार आहे का? आणि दहा बोटींचा मालकही स्वतःला गरीब मच्छीमारच म्हणवतो, हे तुम्ही बंदरावर पाहिलं असेलच.

परताव्यापेक्षा तुम्हाला आधी वेगळाच कागद अडवेल. युरोपला जाणाऱ्या माकूलसाठी (स्क्विड) २०१० पासून कुठल्या बोटीने, कुठे पकडली याचा दाखला लागतो. तेव्हा लॉगबुक, म्हणजे बोटीवरची मासेमारीची नोंदवही, रोजच्या रोज भरा. बंदरात आल्यावर अंदाजाने भरलेली लॉगबुकं मी ढिगाने पाहिली आहेत. १२ दिवसांची नोंद, आणि शाई एकाच पेनाची.