गृहीतमध्य कुठलाही धरा, मध्य तोच येतो

मुलगी दहावीत आहे, मध्य (म्हणजे सरासरी) काढताना गृहीतमध्य, म्हणजे सोयीसाठी आधीच धरलेला अंदाजी मध्य, नक्की कुठला धरायचा आणि चुकीचा धरला तर उत्तर चुकेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चुकत, कुठलाही धरा. पण नुसतं सांगून हे कुणाला पटत नाही (माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या पोरांना तर नाहीच), म्हणून सरळ गणितच घेऊ.

समजा ५० घरांचा महिन्याचा विजेचा वापर दिलाय. ०-२० युनिटमध्ये ४ घरं, २०-४० मध्ये ११, ४०-६० मध्ये १८, ६०-८० मध्ये १२, ८०-१०० मध्ये ५. कुठल्या घरात नेमकी किती युनिटं जळली ते सारणीत नाहीच, म्हणून वर्गमध्य (प्रत्येक गटाचा मधोमधचा आकडा) घ्यायचे, १०, ३०, ५०, ७०, ९०, म्हणजे मुळात येणारा मध्यही अंदाजेच असतो. सरळ पद्धतीने, म्हणजे प्रत्येक वर्गमध्य गुणिले त्या गटातली घरं, या गुणाकारांची बेरीज २५६०, भागिले ५०, मध्य ५१.२ युनिट.

आता गृहीतमध्य ५० धरा, विचलनं (वर्गमध्य वजा गृहीतमध्य) −४०, −२०, ०, २०, ४०, वारंवारतेने (त्या गटातल्या घरांच्या संख्येने) गुणून बेरीज फक्त ६०, भागिले ५० म्हणजे १.२, ते ५० मध्ये मिळवलं की ५१.२. मुद्दाम ३० धरून बघा, बेरीज १०६०, भागाकार २१.२, अधिक ३०, परत ५१.२च! प्रत्येक वर्गमध्यातून जे आधी वजा केलं तेच शेवटी परत मिळवतोय, मग उत्तर बदलेलच कशाला. मधला धरायचा तो फक्त आकडेमोड सोपी व्हावी म्हणून.

मुलं अडकतात ती भलतीकडेच. एक म्हणजे ६० ला ५ ने भागतात, कारण सारणीत ओळी पाच दिसतात, भागायचं असतं एकूण वारंवारतेने. दुसरं मध्यप्रमाण विचलन पद्धतीत, तिथे विचलनांना २० ने (वर्गाच्या रुंदीने) भागल्यावर बेरीज ३ येते, ३ भागिले ५० म्हणजे ०.०६, आणि मग २० ने परत गुणायचं विसरून ५०.०६ लिहून मोकळे.

आणि हो, वर्ग १-१०, ११-२० असे दिले असतील तर मध्यासाठी ते सलग (०.५-१०.५, १०.५-२०.५ असे) करत बसायची गरज नाही, केले तरी वर्गमध्य ५.५, १५.५ तेच राहतात, मध्यक (मधोमधची किंमत) आणि बहुलकाला (सर्वाधिक वेळा येणारी किंमत) मात्र करावेच लागतात. प्रश्नात पद्धतीचं नाव दिलं असेल तर तीच वापरायला सांगा, नसेल तर खुशाल सरळ पद्धत, आकडे फारच मोठे असले तरच बाकीच्या दोन.