उत्तेजकविरोधी नियम : जुनी यादी पुरेशी आहे का?

प्रश्न : माझी मुलगी राष्ट्रीय स्तरावरील मैदानी स्पर्धांत धावते. प्रशिक्षकांनी दोन वर्षांपूर्वी दिलेली प्रतिबंधित द्रव्यांची यादी पाहूनच आम्ही तिला औषध देतो. एवढी काळजी पुरेशी आहे का?
– एक पालक, सातारा

उत्तर : आपली सवय चांगली आहे, परंतु त्या यादीवर आता विसंबू नका. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘वाडा’, दरवर्षी साधारणपणे ऑक्टोबरच्या सुमारास नवी यादी जाहीर करते आणि ती १ जानेवारीपासून लागू होते. मधल्या तीन महिन्यांत ती वाचली नाही, तर काय होते हे टेनिसपटू मारिया शारापोवाच्या प्रकरणात दिसले. ती अनेक वर्षे घेत असलेले मेल्डोनियम हे हृदयविकारावरील औषध २०१५ मध्ये केवळ निरीक्षणाखाली होते, म्हणजे त्यावर बंदी नव्हती, पण खेळाडूंमधील त्याच्या वापरावर ‘वाडा’ची नजर होती; १ जानेवारी २०१६ पासून त्यावर बंदी आली आणि त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियन ओपनच्या वेळी घेतलेल्या तिच्या नमुन्यात ते सापडले. बदल लक्षात आला नव्हता, हे तिचे म्हणणे तिला शिक्षेतून सोडवू शकले नाही. क्रीडा लवादाने दोन वर्षांची बंदी १५ महिन्यांवर आणली, इतकेच. म्हणून ‘वाडा’चा निरीक्षण कार्यक्रमही दरवर्षी वाचावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ट्रामाडॉल हे वेदनाशामकही आधी तेथेच होते. २०२४ पासून ते स्पर्धाकाळात निषिद्ध झाले.

मात्र ताजी यादी हाताशी असूनही चूक होऊ शकते, कारण यादीत घटकद्रव्यांची नावे असतात आणि दुकानात औषध मिळते ते कंपनीने ठेवलेल्या नावाने. मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्या नमुन्यात २०१९ मध्ये टर्ब्युटलीन हे निषिद्ध द्रव्य आढळले. ते खोकल्याच्या औषधातून नकळत पोटात गेले, हा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला, तरीही आठ महिन्यांची बंदी लागलीच.

त्यामुळे प्रत्येक वेळी, औषध ओळखीचे असले तरीही, वेष्टनावरील घटक राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘नाडा’च्या, ‘नो युअर मेडिसिन’ या ॲपवर तपासा आणि मुलगी स्पर्धक आहे हे डॉक्टरांना आधीच सांगा. निषिद्ध औषधावाचून उपचार होणारच नसेल, तर उपचारार्थ वापराची परवानगी मागता येते. त्यासाठीचा अर्ज, वैद्यकीय कागदपत्रांसह, स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी करावा.